खोडरबर जमा करणारे मास्तर

पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या हॉलमध्ये एक्कावन्न चित्रं टांगलेली आहेत. प्रत्येकाखाली आमच्या ड्रॉइंग मास्तरांचं नाव आहे. त्या चित्रांतल्या रेघा मास्तरांच्या नाहीत. त्या माझ्या आहेत. हे मी बावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, बायकोला नाही, रोज दुपारी माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या सहकाऱ्यांना नाही. दीड महिन्यापूर्वी एका माणसाला सांगितलं. आणखी एका बाईनं ते ऐकलं, पण ती बांगड्या भरायला आली होती. आता इथे लिहितो आहे. मी मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे माझं गप्प राहणं कुणाला खटकलं नाही. लोकांना तो स्वभाव वाटला.

मास्तर कसे होते ते आधी सांगतो. त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

शाळेत बाकी सगळे 'सर' होते. ह्यांना सर म्हटलेलं चालायचं नाही. "सर म्हनलं की टाय लागतोय," म्हणायचे. टाय नव्हता. एक तपकिरी स्वेटर होता आणि डाव्या हाताला लोकरीचा मोजा होता. फक्त डाव्या. पाचगणीच्या थंडीत आम्ही दोन्ही हात काखेत घालून फिरायचो आणि ह्यांचा उजवा हात उघडा, लालबुंद. विचारलं तर म्हणायचे, "त्यो गारठ्यातच ऱ्हायला पायजे. ऊब मिळाली की झोपतोय."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. सांगलीत, विश्रामबागेत वाढलेला, कलेची पदविका घेऊन नुकताच बाहेर पडलेला, आणि मास्तरांचा साहाय्यक म्हणून तात्पुरत्या नेमणुकीवर आलेला. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला, पंजा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला, "दोन-सहा" एवढंच म्हणाले आणि सोडून दिला. मला वाटलं, हे काहीतरी ज्योतिष असावं. नंतर कळलं, ते बांगडीचं माप. मास्तर म्हसवडचे. घरात आजोबा-पणजोबांपासून बांगड्यांचा धंदा. त्यामुळे स्टाफरूममध्ये ते माणसांचा उल्लेख मापानं करत. "दोन-आठ आज तापलाय," म्हणजे प्रिन्सिपॉल. "दोन-चारनं रजा टाकलीय," म्हणजे गणिताच्या बाई. प्रिन्सिपॉलना आपलं माप ठाऊक होतं. त्यांना ते मनातून आवडायचंही, असा माझा अंदाज आहे.

जूनच्या पहिल्या तासाला मास्तर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन वर्गात शिरायचे. "रबर जमा करा." मोठमोठ्या घरची मुलं ती. कुणाचा खोडरबर परदेशातून आलेला, कुणाच्या खोडरबराला स्ट्रॉबेरीचा वास. सगळे डब्यात. परत मिळणार एप्रिलमध्ये. एकदा एका मुलानं रडवेला होऊन विचारलं, "मास्तर, पण चुकलं तर?"

"चुकलेलं ऱ्हाऊ दे. त्येच्या शेजारी बरोबर काढ. दोगं नांदतील."

ते स्वतः चित्र काढताना कागदाकडे बघत नसत. अगदी एकदाही नाही. नजर माणसावर, हात कागदावर. परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्या शिवून वही केलेली, ती पोटाशी धरलेली, आणि पेन्सिल आपली चालतीय. शिवाय दम रोखून काढायचे. नाकातून हवा आत घेतली की चित्र सुरू, हवा सोडली की चित्र संपलं. मग तो माणूस अर्धा राहिला असला तरी अर्धाच. वीस आकडे म्हणेपर्यंत त्यांचा दम टिकायचा. चेहरा लाल व्हायचा, गळ्याची शीर फुगायची, आणि मुलं शेजारी उभी राहून मोठ्यानं आकडे मोजायची.

हे कुठून शिकलात, असं मी एकदा विचारलं.

"बापाकडनं. सिद्धनाथाच्या यात्रंत आमचं दुकान असायचं. बाप बाईच्या हाताकडं कवाच बगायचा न्हाई. तिच्या तोंडाकडं बगत गप्पा हानायचा. लेक कुटं दिलीया, म्हस दूध देती का. हिकडं बोटं दाबून दाबून बांगडी चढलेली आसायची. हाताकडं बगितलं की हात भितो. आंग चोरतो. मग बांगडी वाढती." बांगडी फुटली असं ते म्हणत नसत. त्यांच्या धंद्यात तो शब्दच नाही. "मानसाचंबी तसंच हाय गड्या. कागदाकडं बगितलं की रेघ आंग चोरती."

आणखी एक सवय होती. काढलेलं चित्र ते लगेच बघायचे नाहीत. वही पत्र्याच्या ट्रंकेत टाकायची, कुलूप लावायचं. महिनाभर निवू द्यायचं. मग एका रविवारी, दोन कप चहा पिऊन, ट्रंक उघडायची. तेव्हाचा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असे. आपलीच चित्रं ते परक्याची असल्यासारखी पाहत आणि हसत. "आयला, ह्येनं बरं पकडलंय की!" ह्येनं म्हणजे त्यांच्या हातानं.

वर्षातला त्यांचा सण म्हणजे शाळेतला मुखवट्यांचा कार्यक्रम. नाताळच्या सुट्टीआधीच्या शनिवारी चार वाजता सुरू व्हायचा आणि जेवणाच्या घंटेला संपायचा. मुलं, शिक्षक, आचारी, माळी, न्यायला आलेले पालक, सगळ्यांनी मुखवटा घालायचा, आणि तो स्वतः केलेला असला पाहिजे. महिनाभर आधीपासून ड्रॉइंगच्या वर्गात वर्तमानपत्रांचे तुकडे खळीत भिजत पडलेले असायचे. वाघ, घुबडं, भोपळे, एस. टी.चं तोंड, एका वर्षी तर चार मुलांनी मिळून एक सुरवंट. वाईहून बँड यायचा. बँडवाल्यांनाही मुखवटे, पण पिपाणीवाल्याच्या मुखवट्याला तोंडाजागी मोठं भोक.

मास्तरांच्या आईला चेहरे काढलेले आवडायचे नाहीत. घरात माणसाचं चित्र नको, असं तिचं मत. ती असेपर्यंत मास्तरांनी तिचं मन मोडलं नाही, आणि ती गेल्यावरही त्यांचा हात चेहऱ्यापाशी थांबायचा. म्हणून त्यांची माणसं पाठमोरी, वाकलेली, मान वळवलेली. "वर्सातनं एक दीस सगळी दुनिया माज्या सोयीनं येती," ते म्हणायचे. "तोंडं झाकून."

मुखवटा घातला की माणूस कोण ते ओळखू येत नाही, असं आपल्याला वाटतं. मास्तरांच्या चित्रात ओळखू यायचं. मी रुजू झालो त्या वर्षी एक अस्वल बँडपुढे असं काही नाचलं की मुलं टाळ्या वाजवून थकली. अस्वल कोण, यावर आठवडाभर पैजा लागल्या. महिन्यानं ट्रंक उघडली. एका पानावर दहाबारा रेघांचा गुंता होता. दोन गुडघे तीनदा काढलेले, पोट दोनदा, आणि एक हात मागे, कमरेवर. असा एक हात कमरेवर ठेवून शाळेत एकच माणूस व्हरांड्यातून चालायचा. "दोन-आठ!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. प्रिन्सिपॉलना मास्तरांनी ते चित्र भेट दिलं. त्यांनी ते घरी न्यायचं कबूल केलं, भिंतीवर लावायचं मात्र नाही.

आता माझ्याकडे येतो.

दुसऱ्या वर्षीच्या कार्यक्रमात मास्तरांनी बावन्न चित्रं काढली. मी शेजारी उभा राहून पानं उलटत होतो. त्यांचा मोतीबिंदू पिकलेला होता, समोरचं सगळं त्यांना धुक्यात दिसत होतं, आणि तरी, किंवा म्हणूनच, हात कधी नव्हे असा सुटला होता. दुसऱ्याच दिवशी ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला मेव्हण्याकडे गेले. जाताना ट्रंकेची किल्ली माझ्या हातात दिली. "मीबी बगितली न्हाईत. तूबी बगू नको. निवू देत."

जानेवारीत शाळेचा मोठा समारंभ होता, माजी विद्यार्थी येणार होते. प्रिन्सिपॉल म्हणाले, हॉलमध्ये मास्तरांची मुखवट्यांची चित्रं लावू या, तुम्ही फ्रेमचं बघा. मी मिरजेला फोन केला. मास्तर खूश झाले. "लाव की. तुला पटतील ती लाव. मी आल्यावर सगळ्यांबरोबरच बगीन."

नाताळच्या सुट्टीत शाळा रिकामी होती. मी ट्रंक उघडली. पानं टेबलावर मांडली. सगळा गुंता. एका बाईला चार हात, वाघाला शेपटीऐवजी नुसता भोवरा, रेघा कागदाच्या कडेवरून खाली गेलेल्या. मला वाटलं, लोक हसतील. मोठमोठी माणसं येणार, आणि मास्तर काळा चष्मा लावून मध्ये उभे असणार. लोकांनी त्यांना हसू नये म्हणून मी ते केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खोटं नाही, पण पुरंही नाही. कला महाविद्यालयात माझी रेघ स्वच्छ म्हणून नावाजलेली होती, आणि ह्या शाळेत दोन वर्षांत ती कुणी पाहिली नव्हती. मला ती कुठेतरी दाखवायची होती. हेही खरं आहे, आणि हेच जास्त खरं आहे.

कुणी सांगितलं नव्हतं. चार दुपारी मी खिडकीपाशी बसलो. प्रत्येक चित्रातली एक रेघ निवडायची, बाकीच्या पुसायच्या, राहिली ती त्यांच्याच पेन्सिलीनं पक्की करायची. चार हातांच्या बाईला दोन हात झाले. वाघाला शेपूट आलं. खोडरबर कमी पडले तेव्हा मी बिस्किटांचा डबा उघडला.

एक पान मला जमलं नाही. बँडपुढची सगळी गर्दी त्यांनी एका दमात काढली होती. कुणाचा पाय कुणाचा खांदा झालेला. कुठली रेघ ठेवायची तेच मला कळेना. एक पुसली की तिघं पडायचे. शेवटी ते पान मी माझ्या बॅगेत लपवलं आणि एक्कावन्न फ्रेमा केल्या.

समारंभाला मास्तर आले. काळा चष्मा, नवा सदरा, डाव्या हाताला मोजा. लोक गर्दी करून चित्रं पाहत होते. "वा मास्तर, काय सफाई!" "प्रत्येक माणूस कसा सुटा दिसतोय!" मास्तरांनी चष्मा काढला. एकेका चित्रापुढे उभे राहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न गाळता. मग माझ्याजवळ आले.

"ही मी काढली?"

"हो, मास्तर."

"मीच?"

"तुम्हीच की."

ते थोडा वेळ उघड्या हाताकडे बघत राहिले. मी त्यांना हाताकडे बघताना पहिल्यांदाच पाहिलं. मग हसले. "डोळं साफ झालं आन पैलंच काय दिसलं, तर ह्ये. हात शहाना झाला रं माजा." आणि चहाच्या टेबलाकडे गेले.

लोकांना वाटलं, विनय आहे.

पुढच्या जूनला ते वर्गात डबा न घेता आले. मुलं खोडरबर हातात धरून बसलेली. "असू द्यात तुमच्यापाशीच," म्हणाले आणि फळ्यावर घडा, पेला, दोन लिंबं काढायला लागले. अभ्यासक्रमात होतं तसं. डिसेंबरच्या कार्यक्रमात ते दारापाशी उभे राहून लहान मुलांचे मुखवटे बांधत होते. वही नव्हती. त्या थंडीत त्यांच्या उजव्या हातातही मोजा दिसला. त्यांनी त्यानंतर एकही माणूस काढला नाही.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा सोपं होतं असं नाही, पण ओझं एका वर्षाचंच होतं. मला नोकरीत कायम केलं, त्या प्रदर्शनाच्या मांडणीचं कौतुक करूनच. मास्तर निवृत्त झाले, त्यांच्या जागी मी. पुढे सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात चित्रकला विभागात आलो. दर एक-दोन वर्षांनी ईदला म्हसवडला जायचो. भाभी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, शिरखुर्मा वाढायच्या. मास्तर पुतण्याच्या बांगडीच्या दुकानाच्या गोष्टी सांगायचे. मी "काही काढता का?" असं विचारायचो आणि ते म्हणायचे, "छ्या. त्यो गेला." मी शिरखुर्मा संपवून यायचो.

ह्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जतची एक मुलगी आहे. तिनं गल्लीतल्या लग्नाच्या वरातीची स्केचेस आणली. रेघांवर रेघा. मी बोलता बोलता सवयीनं खोडरबर उचलला आणि एका नाचणाऱ्या बाईचा तिसरा हात पुसायला लागलो. मुलगी एकदम कागदावर पंजा ठेवून म्हणाली, "सर, पुसू नका की! ती नाचत हुती."

मी खोडरबर खाली ठेवला. वर्ग सुटल्यावर बराच वेळ तिथेच बसलो. त्या रविवारी सकाळच्या एस. टी.नं म्हसवडला गेलो. लपवलेलं पान बरोबर घेतलं.

मास्तर दुकानात गादीवर बसले होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पुतण्या माल आणायला गेलेला, आणि समोर एका बाईचा हात मास्तरांच्या हातात.

"या या, दोन-सहा! ईद अजून लांब हाय की."

"मास्तर, एक सांगायचंय."

"सांग की. कान रिकामंच हायत."

बाई म्हणाली, "मी भायेर थांबू का, चाचा?"

"तू कुटं जातीस? अर्धा हात भरलाय तुजा."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. ट्रंक, चार दुपारी, एक्कावन्न चित्रं, लपवून ठेवलेलं आणि आज बरोबर आणलेलं एक पान, आणि ते "हो, मास्तर". मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. खाली हातात काम चालू होतं. बोटं दाबली जात होती, हिरवी बांगडी चढत होती, मग दुसरी. माझं बोलून संपलं तेव्हा बाईचा हात भरून झाला होता. एकही बांगडी वाढली नव्हती.

बाईनं पदर सावरला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि म्हणाली, "चाचा, ह्येला पानीसुदिक इचारू नका." आणि गेली.

मास्तरांनी विचारलं, "रबर कुटला?"

"तुमच्याच डब्यातला."

"भायेर जा."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. देवळाकडे जाणारी माणसं नारळ घेऊन जात होती, येणारी कपाळाला भंडारा लावून येत होती. तासभर गेला असेल. दुकानामागच्या घरातून भाभी आल्या. त्यांना आतून काही कळलेलं असावं, कारण त्यांनी नेहमीसारखं हसून 'या' म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बावीस वर्सं ह्यो मानूस पेन्सिल बगितली की तोंड फिरवायचा. मला वाटायचं, वय झालं."

आणि त्या परत घरात गेल्या.

आतून आवाज आला. "ते पान आनलंयस म्हनं. दे हिकडं."

मी पान दिलं. मास्तरांनी ते दाराच्या उजेडात धरलं आणि दम रोखला. मी मनात आकडे मोजले. आठाला त्यांनी हवा सोडली, पुन्हा घेतली. बोट कागदावर न टेकवता ते रेघांवरून फिरवत होते.

"ह्यो पिपानीवाला."

"हो."

"ही दोन-चार. बग, पायात पाय आडकलाय तिचा, आन हसतीया." ते स्वतःच हसले. मग एकदम थांबले. डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "म्हंजे हात तवा जित्ता हुता."

"होता, मास्तर."

"आन मी त्येला मेला म्हनून गाडला."

त्यांनी पान मांडीवर ठेवलं.

"तू लय वाईट मानूस हायस."

"हो."

"हो काय हो! 'हो' म्हनायची लय सवय हाय तुला." आणि मग आत हाक मारली, "अगं, चा टाक. ह्येलाबी टाक." त्यांनी माफ केलं असं मी समजलो नाही. त्यांनी तसं म्हटलं नाही, आणि मी विचारलंही नाही. चहा पिताना मात्र ते दोनदा पानाकडे बघून "आयला" म्हणाले. निघताना विचारलं, "तुज्या कालेजात मुखवट्याचं काय आसतं का न्हाई?"

असतं. नव्या मुलांच्या स्वागताला. तीन आठवड्यांपूर्वी झालं. मास्तरांना आणायला मी गाडी घेऊन निघालो, तर ते आधीच एस. टी.नं येऊन कॉलेजच्या फाटकापाशी उभे. नवीन सहा पेन्सिली वरच्या खिशात. उजवा हात उघडा. सांगलीत थंडी ती कितीशी, पण डाव्या हाताला मोजा.

कॉलेजातल्या पोरांचे मुखवटे विकतचे, चकचकीत. मास्तरांनी नाक मुरडलं. एकानं दवाखान्यातला निळा मास्क लावून त्यावर मिशा काढल्या होत्या. "ह्यो खरा," म्हणाले. मी खुर्ची आणली, ती त्यांनी ढकलली. जतच्या मुलीला मी पानं उलटायला उभं केलं. गाणं सुरू झालं, एवढ्या मोठ्या आवाजात की खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. पोरंपोरी उड्या मारायला लागली.

मास्तर बराच वेळ नुसते बघत राहिले. पेन्सिल कागदाच्या वरच थांबली होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. हा हात आज चालला नाही, तर मी काय केलं ते पुरतं सिद्ध होणार होतं.

त्यांनी नाकातून हवा घेतली.

दम आता सात-आठ आकड्यांचाच. पण सात आकड्यांत हात कागदभर हिंडला, कडेवरून खाली गेला, कागदाखालच्या फळीवर गेला, एकदा तर त्यांच्याच विजारीवर रेघ आली. "पान!" ते ओरडले. मुलीनं उलटलं. "पान!" पुन्हा. आधी शेजारच्या दोघातिघांच्या लक्षात आलं. मग मुलं नाचत नाचत त्यांच्याभोवती यायला लागली.

"आजोबा, मला काढा ना!"

"तू हल की! ताठ हुबा ऱ्हायलास तर काय काढू, खांब?"

"आजोबा, कागदाकडे बघा तरी!"

"कागद काय नाचतोय व्हय?"

पोरं आकडे मोजायला लागली. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हातारा दम रोखतो आहे हे दिसलं आणि एकानं सुरुवात केली. एक, दोन, तीन. मास्तर लाल. सात! हवा सुटली की हशा, टाळ्या, आणि पुढचं पान. मी किती पानं झाली ते मोजलं नाही. पेन्सिली मात्र चार संपल्या.

शेवटी त्यांनी पानांचा गठ्ठा बांधला. मी सवयीनं हात पुढे केला. मास्तरांनी गठ्ठा माझ्या हातावरून पलीकडे नेऊन जतच्या मुलीला दिला. "तू ठेव. म्हयनाभर निवू दे. ह्येला दावायचं न्हाई."

मुलगी माझ्याकडे बघून गोंधळली. मी म्हटलं, "बरोबर सांगतायत ते."

स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "मास्तर, पाचगणीच्या भिंतीवरची ती चित्रं मी काढून टाकायला लावतो."

"कशाला? वाईट न्हाईत ती. चांगली टापटीप हायत. फकस्त माजी न्हाईत. पाटी बदल. तुजं नाव घाल." बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ते वळले. "आन गुपचूप जाऊन बदलू नको. मुखवट्याच्या दिवशी जा. सगळी असत्यात तवा. तू मुखवटा घालू नको."

"बरं."

"नुसतं बरं म्हनू नको रं."

बस गेली. परवा भाभींचा फोन आला होता. म्हसवडच्या घरी रोज संध्याकाळी एक पेन्सिल झिजते आहे, आणि गल्लीतली पोरं त्यांच्या दारापुढे येऊन मुद्दाम उड्या मारत आहेत, असं म्हणाल्या. महिना अजून भरलेला नाही. जतच्या मुलीकडचा गठ्ठा मी पाहिलेला नाही, मागितलेलाही नाही.

बावीस वर्षं मला परत देता येणार नाहीत, म्हणून ती मी हिशेबात धरत नाही. देता येण्यासारखं एक आहे. पाचगणीच्या त्या हॉलमध्ये, मुलं, शिक्षक, आचारी, माळी सगळे जमलेले असताना, उघड्या तोंडानं उभं राहून मला सांगायचं आहे की ही चित्रं मी पुसून काढली, आणि मास्तरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. ते मी अजून सांगितलेलं नाही.